ताडपत्रीखालचा पावसाळा

समोरच्या घरात यंदा नवीन भाडेकरू आले आहेत. नवरा-बायको दोघंही नोकरीला, तरुण, येता-जाता ‘नमस्कार काकू’ म्हणणारी. त्यांची एक लाल गाडी आहे आणि ती ठेवायला आत जागा नाही, म्हणून ती रस्त्याच्या कडेला झाडाखाली उभी असते. श्रावण सरता सरता पावसानं जी झड धरली ती काही सोडेना, तेव्हा त्या मुलानं बाजारातून निळी ताडपत्री आणली, गाडीवर अंथरली, टोकं दोरीनं आवळली, खाली विटा ठेवल्या आणि समाधानानं हात झटकले. मी गॅलरीतून पाहत होते. मला काही राहवेना. पायात चपला सरकवल्या आणि छत्री घेऊन गेले.

“अहो, एवढी आवळून नका बांधू,” मी म्हटलं, “उघाड पडली की सोडत जा.”

“काकू, पाणी लागू नये म्हणून बांधली.”

“पाण्यानं काय होतं? गाडी काय गुळाची आहे?”

तो हसला. पोरगा गुणी आहे, तोंडावर काही बोलला नाही. पण घरात जाऊन बायकोला ‘समोरच्या काकू फार लक्ष ठेवतात’ असं नक्की सांगितलं असणार. सांगू दे. आयुष्यभर शाळेत शिकवल्यावर दुसऱ्याच्या चुका दाखवायची जी खोड लागते ती पेन्शनीबरोबर सुटत नाही. शिवाय ताडपत्री या विषयावर बोलायचा अधिकार या गल्लीत माझ्याइतका कोणाला नाही.

बुलढाण्याला थंड हवेचं ठिकाण म्हणायची आमच्याकडे रीत आहे. पाहुण्यांना सांगायला बरं वाटतं. खाली मलकापूरकडे माणसं घामानं निथळत असतात तेव्हा आमच्याकडे संध्याकाळी खांद्यावर शाल लागते, हे खरंच. पण या थंड हवेचा पावसाळ्यात काय हिशोब द्यावा लागतो ते पाहुण्यांना कोणी सांगत नाही. घाटातून धुकं वर चढतं आणि सरळ घरात शिरतं. दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस ओले राहतात आणि मग वाळले तरी त्यांना कुबट वास येतो. पापड मऊ पडतात, काडीपेटीतली काडी ओढली की तिचं नुसतं डोकं निघून येतं, आणि कपाटातल्या चामडी पट्ट्यावर पांढरी लव धरते. बुरशीला आमच्या गावाचा पत्ता चांगला ठाऊक आहे.

त्या वर्षी मात्र तिनं आमच्या घरी मुक्कामच ठोकला होता.

त्या वर्षी म्हणजे ज्या वर्षी ऐन ज्येष्ठात आमच्या यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. सकाळी दाढी करता करता हातातला ब्रश खाली पडला आणि तो उचलायला हात काही जाईना. पुढचं सगळं दवाखान्याचं, ते सांगण्यात अर्थ नाही; ज्यांच्या घरी झालं त्यांना माहीत आहे आणि ज्यांच्या घरी झालं नाही त्यांना माहीत न होवो. जीव वाचला, वाचा परत आली, पायात बळ आलं. काठी घेऊन न्हाणीघरापर्यंत जाता येऊ लागलं. राहिला तो उजवा हात. डॉक्टर म्हणाले, हात परत येईल, पण त्याला कामाला लावा, पडून राहू देऊ नका. आणि एक मऊ रबरी चेंडू दिला, दिवसभर दाबत बसायला.

यांनी तो चेंडू खाटेखाली टाकला आणि पुन्हा विचारलाही नाही.

आमचे हे कृषी खात्यात होते. धाडपासून साखरखेर्ड्यापर्यंत कोणत्या गावात कोणाच्या शेतात काय उगवतं हे त्यांना गॅझेटपेक्षा बरं माहीत. खात्याची जीप असली तर असायची, नसली तर नसायची, म्हणून त्यांनी स्वतःची छोटी पांढरी गाडी घेतली आणि तिच्यावर असा जीव लावला, की मी कधी कधी तिला सवत म्हणत असे. निवृत्तीनंतरही फिरणं थांबलं नव्हतं. कोणा दोस्ताला बियाणं पोचव, कोणाच्या शेतात कीड पाहून ये. मागच्या सीटवर कायम दोन-चार पिशव्या पडलेल्या आणि गाडीत चण्याचा नाहीतर सोयाबीनचा वास. मी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेतल्या दोघी मैत्रिणींबरोबर गाडी शिकून लायसन्सही काढलं होतं. पण कधी स्टिअरिंगला हात लावायची वेळ आली की हे म्हणायचे, “तू बस ना, मी हाय ना.” मग ते लायसन्स मी सिमकार्ड घेताना ओळखपत्र म्हणून वापरलं. त्याचा दुसरा उपयोग झाला नाही.

आजारपणानंतर गाडी अंगणाबाहेर, भिंतीलगत उघड्यावर उभी होती. शेड नव्हतीच, रोज फिरणाऱ्या गाडीला कशाला हवी शेड? पाऊस सुरू झाला तेव्हा यांनी खाटेवरून फर्मान काढलं, की धान्याच्या कोठीतली ताडपत्री काढा आणि गाडी झाका. पुतण्या आला होता त्या दिवशी भेटायला. त्याला खिडकीतून एकेक सूचना. “दोन्हीकून दाब. इटा ठेव. खालून हवा नाही शिरली पाह्यजे, थेंब नाही गेला पाह्यजे.” त्यानं बिचाऱ्यानं भिजत भिजत गाडी अशी बांधली, की सोयाबीनची सुडीसुद्धा कोणी इतक्या मायेनं झाकत नसेल.

आता गंमत अशी, की सुडी म्हणजे कापलेल्या सोयाबीनचा ढीग, आणि तो कसा झाकावा, यावर या माणसानं आयुष्यभर गावोगाव व्याख्यानं दिली होती. ओल असताना गच्च झाकू नका, आतून तापते, शेंगेले बुरशी धरते, उघाड पडली की ताडपत्री वर करा, वारा लागू द्या. मी बरोबर असले तर ओट्यावर बसून हे ऐकायची. पाठ झालं होतं. आणि त्याच माणसानं स्वतःची गाडी भर पावसात, ओली असताना, हवा शिरणार नाही अशी बांधून घेतली. मलाही तेव्हा सुचलं नाही. घरात माणूस आजारी असला की डोकं दुसरीकडे असतं.

तर तो पावसाळा. आषाढ गेला, श्रावण गेला. खिडकीतून पाहिलं की निळा ढीग आणि त्यावर साचलेलं पाणी. आतल्या खोलीत खाट, खाटेवर हे, भिंतीकडे तोंड करून. पडदा ओढलेला, कारण उजेड नको. पंखा बंद, कारण वारं सोसत नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण तेच म्हणून जायचा: आता तुम्ही काही करायचं नाही साहेब, नुसता आराम करायचा. खूप केलं आयुष्यात. पुण्याहून मुलगा रोज फोन करायचा आणि तोही तेच म्हणायचा. आणि हे ऐकायचे. ज्यांनी जन्मात कोणाचं ऐकलं नाही, ते हे सगळ्यांचं ऐकायला लागले, याचीच मला जास्त धास्ती वाटायची. चार लोकांत डाव्या हातानं जेवायची लाज वाटते म्हणून पाहुणे असले की ताट परत पाठवायचे. बोलणं ‘हाव’ आणि ‘नाई’वर आलं. घर इतकं गप्प झालं होतं, की पागोळ्यांचा आवाज नकोसा व्हायचा. मला त्या दिवसांत वाटायचं, हा माणूस वाचला खरा, पण माझ्या हाताला काही लागला नाही.

भाद्रपदात गणपती उठले आणि एक दिवस ते आपणहून बोलले.

“गाडी इकून टाकू.”

मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते. “काऊन?” मी विचारलं.

“कोन चालवते आता?”

मुलाचंही हेच मत. त्याच्या मते गाडीची गरजच काय, फोनवर टॅक्सी मागवायची. बुलढाण्यात. त्याला मी म्हटलं, “बाळा, इथे फोनवर मागवली तर टॅक्सी येईल की नाही माहीत नाही, पण सबंध गल्ली नक्की येईल कोणाला काय झालं पाहायला.” तो हसला, पण ठरलं ते ठरलं. धाडचे एक किराणा दुकानदार यांच्या ओळखीचे, त्यांना सेकंडहँड गाडी हवीच होती. पण पितृपक्ष तोंडावर होता. पितरांच्या पंधरवड्यात कोणी नवी वस्तू घरात नेत नाही. ते म्हणाले, नवरात्रात येऊन पाहतो आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर घेऊन जातो.

पितरांनी माझ्यावर एवढे उपकार कधी केले नव्हते. पंधरवडा मिळाला होता. कारण मला एक गोष्ट स्वच्छ दिसत होती: ही गाडी दारातून गेली, तर हा माणूस खाटेवरून उठायचा नाही. मग त्याला उठायला कारणच उरत नव्हतं. तोंडानं हे सांगून उपयोग नव्हता, मास्तरीण असले तरी एवढं मला कळतं. म्हणून मी सरळ साधं म्हटलं, “विका. पण अशी नाही द्यायची. धुऊन-पुसून देऊ. धाडला लोक म्हणतील, साहेबांनी घाण गाडी गळ्यात मारली.”

“धू मंग,” ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी उघाड पडली. मी आणि शेजारच्या नसीमभाभी, आम्ही दोघींनी मिळून गाठी सोडल्या. नसीमभाभींच्या मालकांचं सीटकव्हर शिवायचं दुकान आहे, बसस्टँडच्या अलीकडे. आमची आणि त्यांची भिंत एक. ताडपत्री ओढली आणि आम्ही दोघी दोन पावलं मागे आलो. पांढरी गाडी हिरवट झाली होती. काचांच्या कडेनं जे काळं रबर असतं त्यात शेवाळ असं भरलं होतं, जसं कोणी काठ विणला आहे. आरशांच्या खाली, दारांच्या बिजागऱ्यांत, नंबरप्लेटच्या भोवती, जिथे म्हणून जागा मिळाली तिथे मऊ हिरवं बसलेलं. आणि दार उघडल्यावर जो भपकारा आला त्यानं डोळ्यांत पाणी आलं. स्टिअरिंगवर राखाडी लव, सीटवर पांढरे-काळे गोल, सीटबेल्टच्या पट्ट्यांवर ठिपके. ज्या जागी ते बसायचे तीच जागा सगळ्यात जास्त खराब झालेली. मी आधी हसले आणि मग तिथेच दाराला धरून थोडी रडलेही. नसीमभाभींनी नुसता पदर नाकाला लावला आणि चारी दारं सताड उघडी केली.

“बाई, ब्लीच नका लावू हं,” त्या म्हणाल्या, “कपडा इरून जाते. सिरका लावा थोडा पाण्यात. आन् आज काही करू नका, आज नुसतं ऊन खाऊ द्या तिले.”

सिरका म्हणजे व्हिनेगर; त्यांच्याकडे कांद्यात घालायला बाटली कायम असते. ती त्यांनी आणून दिली. त्या दिवशी गाडीनं नुसतं ऊन खाल्लं, आणि मी दर तासाला जाऊन वास घेऊन येत होते.

खरं सांगायचं तर मला घाई नव्हती. पंधरा दिवसांचं काम मी पंधरा दिवसांत करणार होते, त्याच्या आधी तर मुळीच नाही. पण हात लावायचा म्हणून दुसऱ्या दिवशी बादली घेतली, साबण घेतला आणि भांडी घासायची तारेची घासणी घेऊन दरवाजावर रगडायला सुरुवात केली. शेवाळ निघत होतं, आवाजही चांगला येत होता. आणि आतून, बंद पडद्यामागून, आवाज आला.

“घासनी नोको लावू त्याले! रंग गेला सारा!”

मी थांबले. किती महिन्यांनी या घरात कोणीतरी माझ्यावर ओरडलं होतं. लोकांना काय वाटायचं ते वाटो, मला त्या क्षणी साखर वाटावीशी वाटली. पण मी चेहरा सरळ ठेवला आणि खिडकीशी जाऊन म्हटलं, “मग कशानं घासू?”

“बिरस घे. दाताचा. नरम असते तो.”

“अख्खी गाडी दाताच्या ब्रशनं?”

“रबरातलं सांगून राह्यलो मी. पत्र्याले फडकं घे ओलं. एवढं शिकेल हायस, समजत नाही का तुले?”

समजत होतं. पडदा तसाच अर्धा उघडा ठेवून मी परत आले, आणि त्यांनी तो ओढून घेतला नाही.

मग रोजचं सुरू झालं. दहाच्या सुमाराला धुकं विरलं की मी दारं उघडायची, सीटवर व्हिनेगरचं पाणी शिंपडायचं, मऊ फडक्यानं टिपायचं, वाळू द्यायचं. रबराच्या खाचेत साबणाच्या पाण्यानं ब्रश फिरवायचा. शेवाळ सहज निघतं, फक्त त्याला रगडून चालत नाही. भिजू द्यावं लागतं, मग ते आपणहून सुटतं, बोटाएवढी हिरवी दोरी हातात येते. बुरशीचं तसं नाही. ती पुसली की गेली असं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी हजर. तिला पाण्यापेक्षा उन्हाची भीती. मी घासायची आणि खिडकीतून सूचना यायच्या. कधी टोमणे. ‘ती खाच राह्यली.’ ‘आरसा का दिसून नाही राह्यला तुले?’ मी मुद्दाम एखादी खाच सोडायला लागले होते.

समोरच्या त्या मुलाला परवा मी हे सगळं कसं सांगणार होते? त्याला वाटलं मी गाडीबद्दल बोलते आहे. मी गाडीबद्दलच बोलत होते म्हणा. पण एकदा एखाद्या वस्तूशी माणूस पंधरा दिवस गुडघ्यावर बसून राहिला, की तिच्या निमित्तानं पुष्कळ गोष्टी डोक्यात येतात. मला तेव्हापासून शेवाळाचा राग येत नाही. ते काही वाईट नाही बिचारं. जे हलत नाही, ज्याला कोणी हात लावत नाही, त्याच्यावर ते येऊन बसतं, एवढंच. चालत्या गाडीला शेवाळ धरलेलं मी कधी पाहिलं नाही. आपण मात्र ज्याच्यावर जीव असतो त्याला नेमकं झाकून ठेवतो. वारा लागू नये, पाणी लागू नये, श्रम पडू नयेत. प्रेमच असतं ते, खोटं नसतं. पण आतलं कोणी पाहत नाही.

तर पितृपक्षातला मधला कोणता तरी दिवस. मी पायाखालचं मॅटिंग काढायला घेतलं. ओलं, जड, खालून काळं. ओढलं तर मागच्या सीटखालून एक फाटकी पिशवी निघाली, आणि पिशवीतून सांडलेलं सोयाबीन. कधीचे ते दाणे तिथे पडलेले. बरेचसे कुजून काळे झालेले, पण मॅटिंगच्या ओलीत काही रुजले होते. लांबच लांब, पांढुरके, मान वाकडी केलेले कोंब, सीटच्या खालून उजेडाकडे निघालेले. मी तशीच ओरडले, “अहो, तुमच्या गाडीत पेरणी झाली!”

आत खाट वाजली. मग काठी वाजली. आणि हे ओट्यावर आले. किती दिवसांनी आले ते मी मोजलं नाही. पण त्यांच्या चपला ओट्यावर नव्हत्याच, म्हणून अनवाणी आले. पायऱ्या उतरताना मी धावले नाही. फार धावावंसं वाटलं, पण बादलीची कडी धरून उभी राहिले. ते हळूहळू गाडीपाशी आले, काठी दाराला टेकवली, वाकून आत पाहिलं. वासानं तोंड वाकडं केलं. मग डाव्या हातानं एक कोंब अलगद उपटला आणि उन्हात धरला.

“उगवन चांगली हाय,” खात्यातला माणूस बोलला. “बी दमदार होतं.” मग बराच वेळ तो कोंब पाहत राहिले. “पिवळा पडला पन. उजेडच नाही भेटला त्याले.”

मी मॅटिंग उन्हात पसरलं.

“ताडपत्री म्याच बांधाले लावली,” ते म्हणाले.

“हो. हवा शिरता कामा नये, असं म्हणाला होतात.”

“मी म्हनलो?” आणि ते हसले. ते हसणं एका बाजूनं वर चढलं, दुसरी बाजू मागे राहिली, पण हसणं होतं. “गावोगाव लोकायले सांगत फिरलो, सुडी गच्च झाकू नोका म्हनून. आन् घरी हे.”

त्या दिवसापासून गाडीजवळ एक खुर्ची आली. खुर्चीवर हे, मफलर गुंडाळून, आणि तोंडाचा पट्टा सुरू. मी घासते आणि ते मला नावं ठेवतात. नसीमभाभी भिंतीवरून म्हणायच्या, “साहेब, बाईले काऊन तरास देता?” आणि हे म्हणायचे, “भाभी, तुम्हाले नाही मालूम, शायेतल्या पोट्ट्यायचा बदला घेऊन राह्यलो.” चहा बाहेर यायला लागला. रस्त्यानं जाणारे थांबायला लागले, आणि थांबणारा ‘आराम करा’ म्हणायचा विसरून गाडीची चौकशी करायचा. एकाशी तर हे डाव्या हातानं बिस्किट चहात बुडवून खाताना बोलत होते, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

एक दिवस मी पुढच्या दाराच्या काचेचं रबर घासत होते आणि त्यांना माझं काही केल्या पसंत पडेना. “आन इकडे,” म्हणाले. मी ब्रश दिला. त्यांनी तो डाव्या हातात घेतला, पण खुर्ची ज्या बाजूला होती तिथून डावा हात खाचेपर्यंत नीट पोचेना. थोडा वेळ खुडबुड केली. मग काय मनात आलं कोण जाणे, डाव्या हातानं त्यांनी ब्रश उजव्या हाताच्या मुठीत बसवला, बोटं एकेक करून त्याच्यावर दाबली, आणि तो हात उचलून खिडकीच्या काठावर ठेवला.

मी चटकन दुसऱ्या बाजूनं गाडीत शिरले आणि सीट पुसायला लागले, म्हणजे पुसायचं नाटक करायला लागले. काचेच्या पलीकडे ब्रश हलत होता. एक इंच पुढे, एक इंच मागे. पडला. त्यांनी तो मांडीवरून उचलला, परत मुठीत बसवला. परत पडला. एक शिवी ऐकू आली. ती मी इथे लिहीत नाही, पण देवाच्या नावासारखी ऐकली. जेवायची वेळ टळून गेली तरी मी हाक मारली नाही. शेवटी त्यांनीच काच ठोठावली. वीतभर रबर काळंभोर निघालं होतं आणि त्यांच्या शर्टाच्या बाहीवर हिरवं पाणी ओघळलं होतं.

जो हात चेंडूला तयार नव्हता तो शेवाळाला तयार झाला. डॉक्टरांना पुढच्या खेपेला सांगितलं तर ते म्हणाले, काहीही करा, पण करत राहा. सर्वपित्री अमावास्येपर्यंत मागच्या काचेपर्यंतचं रबर या हातानं झालं. कप अजून धरता येत नव्हता. पण ब्रश पडणं कमी झालं होतं.

आणि मग पितरांची रजा संपली. नवरात्रातल्या एका सकाळी धाडचे दुकानदार आले. भला माणूस. सोबत भाच्याची गाडी आणली होती, कारण आमची बॅटरी पार बसली असणार हे त्यांनी ओळखलं होतं. वायरी जोडल्या, किल्ली फिरवली. दोनदा नुसतं खाकरली आणि तिसऱ्यांदा सुरू झाली. यांनी ओट्यावरून मान वर केली. त्या आवाजाला या घरात सगळे ओळखतात.

“एक चक्कर मारून पाहतो साहेब,” दुकानदार म्हणाले, आणि यांच्या जागेवर बसून गेले. पांढरीशुभ्र गाडी गल्लीच्या टोकाला वळली आणि दिसेनाशी झाली. हे पाहत होते. उजवा हात मांडीवर होता, तो त्यांनी डाव्या हातानं घट्ट धरला होता. मी आत जाऊन उगाच गॅस बंद आहे का पाहून आले. मला वाटलं, आपणच लख्ख करून दिली, आपल्याच हातानं.

दुकानदार परत आले. “मस्त हाय गाडी. उघड्यावर होती म्हनून वाटतच नाही. तर मंग दसऱ्याले येतो?”

“सांगतो तुम्हाले,” हे म्हणाले. “फोन करतो.”

ते गेले, इंजिन चालू ठेवूनच. बंद केली तर पुन्हा सुरू व्हायची नाही, बॅटरी भरायला ती थोडी फिरवावी लागेल, असं जाताना बजावून गेले. गाडी दारात घुरघुरत उभी. आम्ही दोघं तिच्याकडे पाहत.

“फिरवा लागन थोडी,” हे म्हणाले.

“हो. पण कोण फिरवणार?”

त्यांनी काठी जवळ ओढली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, “तुह्यापाशी लायसन्स हाय ना.”

“ते सिमकार्डाचं आहे.”

“हाय तर खरं. चाल.”

मी त्यांच्या जागेवर बसले. सीट मागेपुढे करायचा दांडा सापडेना, तोही त्यांनीच सांगितला. ते डावीकडे येऊन बसले, काठी मागे टाकली, पट्टा मी लावून दिला. व्हिनेगरचा बारीक वास अजून येत होता. आमच्या घरामागे नव्या लेआउटचे मोकळे रस्ते आहेत, घरं अजून झालेली नाहीत, गवतच गवत. तिथपर्यंत रस्ता उताराचा, म्हणून ब्रेकवर पाय ठेवून कशीबशी गेले. तिथे सपाटीवर गाडी थांबली आणि पुढे नेता येईना. क्लच दाबायचा तर नजर पायाकडे जाई, गेअर पाहायचा तर क्लच सुटे. दोनदा दणका बसला, नशिबानं इंजिन बंद पडलं नाही. हात घामानं ओले झाले. “मला नाही जमायचं,” मी म्हटलं, “या वयात काय हे.”

“तू क्लच पाह्य फक्त,” ते म्हणाले. “गेअर मी टाकतो.”

मी वळून पाहिलं. गेअरचा दांडा आमच्या दोघांच्या मधे, आणि त्याच्या अगदी जवळ त्यांचा उजवा हात. तो मांडीवरून सुटला. डाव्या हाताची मदत न घेता सुटला. दांड्याच्या गोलावर आला, घसरला, परत आला. बोटं एकेक करून मिटली. गळ्याची शीर ताठ झाली होती. मी पुढे पाहायला हवं होतं, पण मी हाताकडेच पाहत होते.

“दाब.”

“दाबला.”

हात पुढे सरकला. दांडा मधे अडकला, त्यांनी खांद्यानं जोर लावला आणि तो बसला. ‘खट्’ झालं. इतका स्वच्छ आवाज मी त्या सबंध पावसाळ्यात ऐकला नव्हता.

“आता सोड. हळूच सोड.”

गाडी निघाली. दोन्ही बाजूंनी ओलं गवत मागे जायला लागलं. मी स्टिअरिंग असं धरलं होतं, की सोडलं तर आभाळ पडेल. “दाब,” ते म्हणाले, मी दाबला, आणि तो हात मागे आला, दुसरा पडला. या वेळी अडकला नाही. मी चोरून पाहिलं. ते समोर पाहत होते, हनुवटी वर, जसे साखरखेर्ड्याच्या रस्त्याला असायचे तसे, आणि हात दांड्यावरच होता, उचलून घेतलेला नव्हता. माझे डोळे भरून आले आणि समोरचं दिसेना. अशा वेळी गाडी चालवू नये, हे ड्रायव्हिंगच्या क्लासमध्ये शिकवत नाहीत.

“धाडवाल्याले फोन करून दे,” थोड्या वेळानं ते म्हणाले. “म्हन, गाडी नाही भेटत.”

“तुम्हीच करा,” मी म्हटलं. “मी गाडी चालवून राह्यली.”

“मंग क्लच दाब,” ते म्हणाले, “तिसरा टाकतो.”